किती वेळ लागेल?

काही माणसं बाहेर पडताना छत्री घेतात. ही बाई छत्री घ्यायची, छत्री मोडली तर म्हणून रेनकोट घ्यायची आणि रेनकोट उसवला तर म्हणून सुईदोरा. तिचा नवरा तिला ‘गाठोडं’ म्हणायचा. लाडानेच म्हणायचा, पण प्रवासात ती गाठोडी त्यालाच उचलावी लागत, त्यामुळे लाडात थोडी कुरकुरही असायची. विद्यापीठात मात्र सगळे तिला ताई म्हणत. वर्गातली मुलं तिच्याहून पंधरा-पंधरा वर्षांनी लहान होती, आणि सदतिसाव्या वर्षी पाठीला दप्तर लावून आलेल्या बाईला दुसरं म्हणायचं तरी काय?

आणि अशी ही बाई नेमकी अशा विषयाला येऊन बसली, जिथे मशीनचा पहिला प्रश्नच असतो: किती वेळ लागेल?

विषय होता प्रचंड मोठ्या गणितांचा. एका संगणकाला जे सोडवायला महिनोन्‌महिने लागतील ते गणित शेकडो तुकड्यांत फोडायचं, शेकडो प्रोसेसरना एकेक तुकडा वाटायचा आणि सगळ्यांना एकदम कामाला जुंपायचं. ऐकायला सोपं आहे. पण घर रंगवायला दहा माणसं बोलवावीत आणि घरात शिडी एकच निघावी, असा प्रसंग ज्याने पाहिलाय त्याला पुढची गंमत कळेल. ताई इथे येण्याआधी काचेच्या कारखान्यात इंजिनिअर होती, म्हणून तिने प्रकल्पाला काच वितळवायच्या भट्टीची भिंत घेतली होती. भिंतीतून उष्णता कशी पसरते आणि भिंत आधी कुठे तडकेल, हे शोधायचं. भिंतीचा एकेक तुकडा एकेका प्रोसेसरकडे. गणिताच्या प्रत्येक पावलाला प्रत्येकाने शेजाऱ्याला कळवायचं, माझ्या कडेला एवढी उष्णता आहे, तुझ्याकडे किती? शेजाऱ्याचं उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं.

हे सगळं चालायचं इमारतीच्या तळघरातल्या मोठ्या मशीनवर. ते अख्ख्या विद्यापीठात एकच. त्यामुळे रांग. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून आपलं काम रांगेत लावायचं आणि त्याच्या डोक्यावर लिहायचं, प्रोसेसर किती हवेत आणि वेळ किती हवा. मशीन तेवढी जागा मोकळी झाली की काम सुरू करतं. मागितलेला वेळ संपला की ते काम अर्धं असो की पाऊण, मारून टाकतं. तिथे रडून-भेकून चालत नाही.

पहिल्याच गृहपाठाला ताईने भिडस्तपणे दहा मिनिटं मागितली होती. काम संपत आलं, शेवटचं उत्तर लिहायचं तेवढं राहिलं आणि दहा मिनिटं भरली. हाती आली रिकामी फाईल. ती स्वच्छतागृहात जाऊन रडली, तोंड धुतलं, आणि संध्याकाळी घरी फोन केला तेव्हा लेकीने विचारलं, “आई, तुझा आवाज असा का?”

लेक सात वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलं होतं.

“अगं, माझं काम मारून टाकलं त्यांनी.”

“का?”

“वेळ संपला की मारून टाकतात. जेवढा वेळ मागितला त्याच्यावर एक मिनिट देत नाहीत.”

भिंगरी चक्क गप्प झाली. मग म्हणाली, “बापरे.” ताईला त्याही स्थितीत हसू आलं.

त्या दिवसापासून ताईने एकच केलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिने प्रत्येक कामाला बारा तास मागायला सुरुवात केली, कारण बारा हे रांगेत मागता येण्याजोगं जास्तीत जास्त होतं. वर प्रोग्रॅममध्ये सोय केली, की थोड्या-थोड्या वेळाने भिंतीची तोवरची सगळी अवस्था डिस्कवर जपून ठेवायची. मारलंच कोणी, तर तिथून पुढे सुरू करता यावं. शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसायची, बोलण्याचा वेग बघून वर्गाने तिचं नाव बुलेट ठेवलं होतं. तिने ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. “ताई, तुमचा प्रोग्रॅम काम कमी करतो आणि जपून जास्त ठेवतो! नमनालाच घडाभर तेल. वेगाचे मार्क जातील ना.”

“जाऊ देत,” ताई म्हणाली. पण रात्री अंथरुणावर तेही मार्क मोजत बसली. काळजी करायला तिला विषय कधी कमी पडला नाही.

आता जरा घरचं सांगायला हवं, कारण खरं घोडं तिथेच अडलं होतं.

हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. घरी ताईने सांगितलं होतं, एक वर्षाचा. धडधडीत खोटंही नव्हतं. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय होती. पण ती काही प्रमाणपत्रासाठी आली नव्हती, आणि हे तिला अर्ज भरतानाच ठाऊक होतं. सासूबाई शिवणकाम करायच्या, शाळांचे गणवेश, पडदे, कोटांची अस्तरं; नवरा इलेक्ट्रिशियन, दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या शिडीवर. त्यात भिंगरी. दोन वर्षं म्हटलं तर सासूबाई नाही म्हणतील, म्हणून तिने मन घट्ट करून एकच म्हटलं. पुढचं पुढे बघू. मशीनकडे एका तासाच्या कामाला बारा तास मागणारी ही बाई, घरच्यांकडे मात्र लागणार होता त्याच्या निम्माच वेळ मागून आली होती.

आणि तेव्हापासून प्रत्येक फोनला भिंगरीचा तोच प्रश्न. “आई, तुझा वेळ किती राहिला?” ताईला वाटायचं, पोर वाट बघतेय. ती म्हणायची, “थोडाच राहिला गं.”

तर असा तो शुक्रवार उजाडला. प्रकल्प संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा होता. हा विषय निघाला तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश. राहिला तर प्रमाणपत्र घ्या आणि घरी जा. ताईचं काम मंगळवारपासून रांगेत उभं होतं. रोज सकाळी ती बघायची, रोज ते आणखी वर सरकलेलं असायचं. आज ते सगळ्यात पहिलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला, पण एका क्षणापुरताच. कामापुढे कारण लिहिलं होतं: मशीन दुपारी बाराला देखभालीसाठी बंद, त्यानंतर सुरू होईल.

“म्हणजे काय?” तिने विचारलं.

बुलेटने मान लांब करून बघितलं. “किती तास मागितलेत?”

“बारा.”

“ताई! बाराला मशीन बंद होतंय. आता नऊ वाजून गेलेत. बारा तासांचं काम ते आता कसं सुरू करेल? काल रात्रीपासूनच करणं शक्य नव्हतं. तुम्ही पहिल्या नंबरला उभ्या आहात खऱ्या, पण बस सोमवारी आहे.”

देखभालीची सूचना आठवडाभर दारावर चिकटवलेली होती. ताईने ती वाचली होती, वहीत उतरवून घेतली होती आणि खाली दोन रेघाही मारल्या होत्या. फक्त आपले बारा तास आणि ते बारा वाजणं, या दोघांची एकमेकांशी गाठ घालायची राहिली होती. काळजीत बुडालेल्या माणसाचं असंच होतं, नको ते सगळं आठवतं.

ती सरांच्या खोलीत गेली. सर बारीक आवाजाचे, घसा सदा बसलेला, टेबलावर खोकल्याच्या गोळ्यांची डबी. पाहणाऱ्याला गरीब वाटावेत, पण गुण देताना मुळीच गरीब नव्हेत.

“सर, मला मुदत वाढवून मिळेल का? सोमवारपर्यंत? काम रांगेत अडकलंय.”

“किती वेळ लागतो कामाला?”

“बारा तास मागितलेत.”

“किती मागितलेत ते नाही विचारलं मी. किती लागतो?”

ताईला माहीत नव्हतं. भिंतीचे लहान-लहान तुकडे तिने चालवून पाहिले होते, पण त्यावरून मोठ्या भिंतीचा हिशेब कधी केला नव्हता. बारा मागितले की हिशेब करायची गरजच उरत नव्हती.

सरांनी डबीतून गोळी काढली. “मुदत नाही वाढणार. एकाला दिली की सगळे येतील. तुम्ही वर्षभर मेहनत केलीत, मला माहीत आहे. पण किती लागेल ते आधी ठरवता येणं, हाच तर या विषयाचा अर्धा भाग आहे.” ताई दाराशी पोचली तेव्हा ते म्हणाले, “आणि दुसऱ्या वर्षाची नावं मी पाच वाजता पाठवतो. प्रकल्प झाला तर तुमचं पाठवायचं ना?”

“हो,” ती म्हणाली, घरी अजून काहीच सांगितलं नव्हतं तरी.

जिन्यातच फोन वाजला. नवरा.

“अगं, परतीचं तिकीट आजच काढून टाकतो. नंतर महाग होईल. पुढच्या महिन्याची अखेर ना?”

मागून शिलाई मशीनची घरघर ऐकू येत होती. सांगायला याहून बरी वेळ मिळाली नसती. पण ती एवढंच म्हणाली:

“थांबा जरा. मी दुपारी सांगते.”

“काय झालं?”

“काही नाही. काम अडकलंय. दुपारी सांगते.” आणि तिने फोन ठेवून दिला.

मग जिन्यात उभ्या-उभ्याच एक विचार तिच्या मनात आला, आणि तो आला याची तिला लाज वाटली. काम नाहीच झालं तर? प्रकल्प नाही, प्रवेश नाही, दुसरं वर्ष नाही. मग घरी काही सांगायलाच नको. सुंठेवाचून खोकला गेला. ‘मशीन बंद पडलं,’ म्हणता येईल, आणि ते खोटंही नसेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशा वेळी माणसाला सुटल्याचाच आनंद होऊ लागतो. तिलाही झाला. मग तिला स्वतःचा भयंकर राग आला. काचेच्या कारखान्यात भट्टीची एक भिंत तिच्या डोळ्यांदेखत तडकली होती, सगळे धावत सुटले होते, आणि ‘हे आधी सांगता आलं असतं’ हा एकच विचार घेऊन ती इथवर आली होती. तिला ते शिकायचं होतं. अगदी मनापासून शिकायचं होतं. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

एका पाठकोऱ्या कागदावर तिने हिशेब मांडला. लहान भिंतीला एवढा, तर मोठीला एवढा, शेजाऱ्यांची वाट बघण्यात जाणारा धरून. उत्तर आलं तास, फार तर सव्वा तास. तिने तीनदा पडताळलं. सव्वा तासासाठी ती तीन दिवस बारा तासांचं गाठोडं घेऊन रांगेत उभी होती.

“सव्वा तास मागू?” तिने बुलेटला विचारलं.

“एवढे प्रोसेसर सलग सव्वा तास आज कुठून मिळणार? सगळ्यांचीच घाई आहे. पण मोठ्या कामांच्या मध्ये फटी असतात. पंधरा-वीस मिनिटांच्या. माझी सगळी कामं मी तशीच घुसवते.” बुलेट बोलता-बोलता थांबली, जे तिच्या बाबतीत क्वचितच घडायचं. “ताई, तुमचा प्रोग्रॅम मध्येच मारला तर तिथून पुढे सुरू होतो ना? तुम्ही ते जपून ठेवण्याचं लचांड केलंय ना?”

“केलंय.”

“मग तुकडे करा की!”

पण त्यासाठी रांगेतलं पहिलं स्थान सोडायला हवं होतं. तीन दिवसांचा नंबर. निरुपयोगी झाला तरी नंबर तो नंबर. ताईचं बोट बराच वेळ तसंच अधांतरी राहिलं. मग तिने काम रद्द केलं. नवं लावलं. वेळ: वीस मिनिटं. लिहिताना तिला ते दहा मिनिटांचं मढं आठवलं.

काम लगेच सुरू झालं. तीन दिवस दार ठोठावूनही न उघडलेलं मशीन आता दार उघडून उभं होतं.

वीस मिनिटं ती पडद्यावरून नजर न हलवता बसली. आकडे येत राहिले, भिंत तापत गेली. वेळ भरला. मशीनने काम मारलं. तिने फोल्डर उघडलं. शेवटची अवस्था जपलेली होती, फक्त शेवटची दोन-तीन मिनिटं वाया गेली होती. तिने तिथून दुसरा तुकडा लावला. तोही पटकन लागला, आणि तोही मेला. तिसरा मात्र रांगेत रखडला. घड्याळ पुढे जात होतं. बुलेट स्वतःचं सोडून हिच्या खुर्चीमागे उभी राहून नखं खात होती. ‘नाही होणार’ असं ताईच्या मनाने म्हटलं, आणि या वेळी त्यात सुटल्याचा आनंद नव्हता, नुसती भीती होती. त्याचं तिला बरं वाटलं.

तिसरा लागला. मेला. आता शेवटच्या तुकड्याला किती मागायचे? जास्त मागितले तर बाराच्या पलीकडे जाणार, म्हणजे सुरूच होणार नाही. कमी मागितले तर उत्तराच्या तोंडाशी येऊन मरणार. तिने उरलेली पावलं मोजली, कागदावर भागाकार केला. उत्तर आलं चौदा मिनिटं. वर पदरची दोन धरून तिने सोळा मागितली. अगदीच काही न धरणं तिच्याच्याने होईना.

मशीन बंद व्हायच्या थोडं आधी पडद्यावर भिंतीचं चित्र पूर्ण उमटलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात, जोडाजवळ, लालभडक. भिंत आधी तिथे तडकणार होती. बुलेटने तिला मागून मिठी मारली. ताई मात्र नुसती त्या कोपऱ्याकडे बघत होती. कारखान्यातलीही तिथेच तडकली होती.

मग दुपारभर तिने अहवाल लिहिला, आणि चार वाजून गेल्यावर, नवरा चहाला घरी येतो त्या वेळी, रिकाम्या वर्गात जाऊन फोन लावला.

“झालं का काम?” त्याने विचारलं.

“झालं. पाचच्या आत अहवाल द्यायचाय. अहो, ऐका. हे दोन वर्षांचं आहे. पहिल्यापासून दोनच वर्षांचं होतं. मला माहीत होतं.”

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“तिकीट काढलेलं नाही मी,” तो शेवटी म्हणाला. “सकाळी तू ‘थांबा’ म्हणालीस तेव्हाच कळलं, काहीतरी आहे. पण मला तरी सांगायचंस गं. मला कशाला घाबरलीस?” त्याचा आवाज दुखावलेला होता. “घे, आईशी बोल.”

शिलाई मशीन थांबलं. सासूबाईंनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

“दोन होती तर एक का म्हणालीस?”

“तुम्ही नाही म्हणाल, असं वाटलं.”

“म्हणालेच असते! आठवडाभर नाही म्हणाले असते, आदळआपट केली असती, मग हो म्हणाले असते. एवढं ऐकून घ्यायची तयारी नव्हती तुझी?” सासूबाईंचा श्वास फुलला होता. “वर्षभर मी कॅलेंडरकडे बघून दिवस काढतेय. तो आठवडा आता घेणार आहे मी. बोलणार नाही तुझ्याशी. अहवाल का काय तो नीट दे. घे गं भिंगरे, तुझी आई.”

फोन हातात घेतल्याचा खरखराट झाला. मग भिंगरीचा आवाज आला, अगदी हळू, कोणी ऐकू नये असा.

“आई, तुझं वर्ष संपलं?”

“संपत आलंय, राणी.”

“आणि काम झालं नाही?”

“अर्धं झालंय.”

“मग आता तुला मारून टाकणार?”

ताई बाकावर बसली. वर्षभराचे सगळे फोन तिला एकदम ऐकू आले. तुझा वेळ किती राहिला. आई, तुझा वेळ किती राहिला. पोर वाट बघत नव्हती. पोर वर्षभर घाबरत होती, आणि आई दर वेळी तिला सांगत होती, थोडाच राहिला गं.

“नाही गं माझ्या बाळा. माणसांना नाही मारत. फक्त मशीनवरच्या कामाला.” ती रडत होती आणि रडणं लपवायचं तिला सुचलं नाही. “आणि कामसुद्धा खरं मरत नाही. आजवर झालेलं सगळं मी जपून ठेवलंय. तिथून पुढे सुरू करता येतं.”

“नक्की?”

“नक्की. आजच तीनदा केलं मी.”

भिंगरीने मोठा श्वास सोडला. बराच वेळ रोखून धरला असावा.

“मग परत लाव,” ती म्हणाली. “पण या वेळी नीट सांग. किती वेळ लागेल?”

ताईने डोळे पुसले. “अजून एक वर्ष. सुट्टीत मध्ये येईन, पण पूर्ण एक वर्ष.”

“ते खूप आहे.”

“हो. खूप आहे.”

“बरं,” भिंगरी म्हणाली, आणि मग फोनपासून तोंड वळवून, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “आजी, आईला मारणार नाहीयेत!”

मग सासूबाईंचा आवाज आला, लांबून, बोलणार नाही म्हणाल्या होत्या तरी. “तिला म्हणावं, पाच वाजत आलेत. जा आधी.”